मेरोपीने गाळलेले शब्द

मेरोपी मूळची आमच्या डोंगराकडच्या बेरात शहराची नव्हे, दुर्रेस बंदराची. समुद्राकाठी वाढलेली. तिच्या लहानपणी, कम्युनिस्ट राजवटीत, परक्या देशाचा टीव्ही पाहणं हा गुन्हा होता. तिचे वडील संध्याकाळी पडदे ओढून घेत आणि तारेचा अँटेना खिडकीआडून समुद्राकडे वळवत. मग पलीकडची इटली घरात यायची. गाणी, प्रश्नमंजुषा, साबणाच्या जाहिराती. दहाव्या वर्षी मी इटालियनमधून साबण विकू शकत होते, असं ती हसून सांगायची. लग्न होऊन ती आमच्याकडे आली तेव्हा त्या भाषेचा इथे काही उपयोग नव्हता. आमच्याकडे डोंगर आडवे, तो टीव्ही कधी पोचलाच नाही.

अठ्ठ्याण्णवच्या वसंतात ओरेस्ते नावाच्या इटालियन माणसाने बंद पडलेल्या कापडगिरणीची एक शेड भाड्याने घेतली आणि बुटांचा कारखाना काढला. बुटांचे फक्त वरचे भाग शिवायचे नि चिकटवायचे, एवढंच काम. चामडं तिकडून ट्रकने यायचं, शिवलेला माल ट्रकने परत जायचा, तळवे तिकडे लागायचे आणि नावही तिकडचंच पडायचं. गिरणी गेल्यापासून घरी बसलेल्या आम्ही शंभरेक बायका आठवड्याभरात कामाला लागलो. मी, मेरोपी आणि नाझ्मिए एकाच रांगेत होतो.

नाझ्मिएबद्दल आधी सांगते, कारण ही गोष्ट जितकी मेरोपीची तितकीच तिची आहे. उंच, हाडकुळी, मोठ्या आवाजाची बाई. नवरा ग्रीसमध्ये परांचीवरून पडून पाठ मोडून घरी आलेला, सासू हृदयाच्या गोळ्यांवर. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं. पण रडगाणं तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही. काही खुपलं की ती सरळ बोलायची, आणि बोलून झालं की विसरून जायची.

दुसऱ्याच आठवड्यात एक अख्खी खेप टाचेजवळ वाकडी शिवली गेली. ओरेस्ते हातात त्यातला एक नग घेऊन शेडच्या मधोमध उभा राहिला आणि ओरडायला लागला. आम्हाला एक अक्षर कळेना. आम्ही नुसत्या त्याच्या लाल तोंडाकडे बघत राहिलो. तेवढ्यात मेरोपी मशीनवरून उठली आणि त्याच्याशी इटालियनमध्ये काहीतरी बोलली. ओरेस्ते थक्क झाला. मग तिच्याकडे वळून दुप्पट जोराने बोलला. मेरोपी आम्हाला म्हणाली, "टाचेची शिवण जरा जपून घाला म्हणतायत. नवीन आहात, येईल हळूहळू, असं म्हणतायत."

नाझ्मिए म्हणाली, "त्याला सांग, चामडं कापतानाच वाकडं कापून पाठवलंय. आधी स्वतःच्या घरचे डोळे तपास म्हणावं, मग आमच्यावर भुंक."

मेरोपीने ओरेस्तेला चारच शब्द सांगितले. तो शांत झाला, नाझ्मिएच्या खांद्यावर थोपटून निघून गेला. त्या दिवसापासून मेरोपीचं मशीन सुटलं. तिला ऑफिसच्या दाराशी एक टेबल मिळालं, पगारात थोडी वाढ मिळाली, आणि ओरेस्ते नि आम्ही यांच्यामध्ये ती कायमची बसली.

त्या दिवशी ओरेस्ते खरं काय म्हणाला होता हे तिने मला फार पुढे सांगितलं. तो म्हणाला होता, या बायका आहेत का शेळ्या, यांच्या खुरांनी मशीन चालवतात का. आणि नाझ्मिएचं म्हणणं तिने असं पोचवलं होतं, की बायका माफी मागतायत. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. एका बाजूने शिव्या, दुसऱ्या बाजूने शिव्या, मधल्या बाईने चार शब्द गाळले आणि शेडमध्ये शांतता झाली. कुणालाही हे चांगलंच वाटलं असतं.

मग ते गाळणं तिच्या अंगवळणी पडलं. वर्षाकाठी एकदा, नाताळच्या आधी, आम्ही पगारवाढ मागायचो. नाझ्मिए पुढे व्हायची, आम्ही मागे. मेरोपी ओरेस्तेला सांगायची, बायका तुमचे आभार मानतायत आणि पुढचं वर्ष चांगलं जावो म्हणतायत. ओरेस्ते खूश व्हायचा. माझ्या पोरी, माझं दुसरं घर, असं काहीबाही बोलून प्रत्येकीला खोक्यातला गोड पाव वाटायचा. मेरोपी आम्हाला सांगायची, साहेबांना तुमची अडचण कळते, पण तिकडचे गिऱ्हाईक भाव वाढवून देत नाहीत, त्यांचेही हात बांधलेले आहेत. आम्ही तो पाव घेऊन घरी यायचो. ओरेस्तेची आई आजारी पडली तेव्हा आमच्यातल्या म्हाताऱ्या रुकिएने तिच्यासाठी लोकरी मोजे विणून पाठवले होते. एवढा आमचा त्याच्यावर जीव.

सरकारने ठरवलेला कमीत कमी पगार जेवढा, तेवढाच आम्हाला मिळायचा. सरकारने वाढवला की वाढायचा, एरवी नाही.

आता माझं सांगते. माझं मशीन मेरोपीच्या टेबलाला लागून होतं. रोज आठ तास ते इटालियन कानावर पडायचं. चारपाच वर्षांत मला बरंचसं समजायला लागलं. बोलता यायचं नाही, पण समजायचं. नाझ्मिए बोलायची 'उपाशी' आणि मेरोपीच्या तोंडून निघायचं 'समाधानी', एवढा फरक तर मला नक्कीच कळत होता. पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी मेरोपीकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान खाली घालून शिवण पुढे ढकलली. कुणाला काही बोलले नाही. माझ्या दोन मुली शिकत होत्या. कारखान्यात भांडण नव्हतं, पगार पंधरवड्याला चुकत नव्हता. शिवाय त्याच हिवाळ्यात मला चिकटकामाच्या टेबलावर बसवलं आणि तिथल्या सोल्युशनने खोकला लागला, तेव्हा मेरोपीनेच शब्द टाकून मला त्या टेबलावरून काढलं आणि खिडकीजवळचं शिलाईचं मशीन मिळवून दिलं. मी जिथून उठले तिथे नाझ्मिए बसली.

अशी अठरा वर्षं गेली.

दोन हजार सोळाच्या ऑक्टोबरात ओरेस्तेची मुलगी लुदोविका आली. ओरेस्ते थकला होता, पुढचा कारभार तीच बघणार होती. पस्तिशीची, हसरी, फार चांगले बूट घातलेली. आमचे नव्हेत. तिने जेवणाच्या सुट्टीत आम्हाला एकत्र बसवलं, भिंतीवर चित्रं दाखवली आणि तब्येतीवर बोलली. दिवसातून पाच फळं खावीत, त्यात एक तरी बेरी असावी. अक्रोड खावेत. कामात दर तासाला उठून खांदे फिरवावेत. शेवटी प्रत्येकीला स्टीलची एक पाण्याची बाटली दिली, तिच्यावर इटालियनमध्ये 'हसत राहा' असं लिहिलेलं. चिकटकामाच्या टेबलावरचा एक्झॉस्ट पंखा त्या दिवशी बंद होता. तो मार्चपासूनच बंद होता. बोलता बोलता लुदोविकाने दोनदा नाकाला रुमाल लावला.

आम्ही महिनाभर आधीच ठरवलं होतं की या वेळी नीट बोलायचं. नाझ्मिए बाटली हातात घेऊन उठली. मेरोपी मध्ये उभी राहिली.

"हिला सांग," नाझ्मिए म्हणाली, आणि तिचा आवाज नेहमीसारखा चढलेला नव्हता, "शब्दाला शब्द सांग हं, मेरोपी. या पगारात मी एक तर सासूच्या गोळ्या आणते, नाही तर लाकडं आणते. दोन्ही येत नाहीत. पंखा बंद पडल्यापासून माझं डोकं दुखलं नाही असा एक दिवस गेला नाही. पगार वाढवा आणि पंखा दुरुस्त करा. नाही तर नोव्हेंबरच्या एक तारखेला आम्ही चाळीस जणी फाटकाबाहेर उभ्या राहू. चाळीस जणींनी सह्या केल्यात."

मेरोपीने ओठांवरून जीभ फिरवली. मग इटालियनमध्ये म्हणाली की बाटल्यांबद्दल सगळ्याजणी आभारी आहेत, हल्ली महागाई जरा जाणवते, आणि वास फार येतो म्हणून एखादी खिडकी उघडी ठेवता आली तर बरं होईल.

मला सगळं कळलं. शब्दाला शब्द. मी तिथेच तिच्यापासून दोन हातांवर बसले होते.

लुदोविका म्हणाली, खिडक्या उघडा ना, त्यात विचारायचं काय. मेरोपीने नाझ्मिएला सांगितलं, त्या वडिलांशी बोलतील, विचार करतील. नाझ्मिए म्हणाली, "विचाराला किती दिवस?" मेरोपी म्हणाली, "महिनाअखेरपर्यंत."

त्यानंतर लुदोविकाने मेरोपीला ऑफिसात कॉफीला बसवलं. तिथे काय झालं ते मेरोपीने मला नंतर सांगितलं. लुदोविका मोकळी मुलगी होती. म्हणाली, खरं सांगू का, जर्मन गिऱ्हाइकाने यंदा भाव वाढवून दिलाय. मी बाबांना म्हटलं होतं की मुलींचे पगार वाढवू. पण बाबा म्हणाले, अठरा वर्षांत एकीनेही कधी जास्त मागितलेलं नाही, त्यांना पुरतंय. आज मीही पाहिलं, सगळ्या खूश दिसतात. तेव्हा ते पैसे आम्ही तिकडच्या नव्या दुकानात घालतोय. मेरोपीच्या हातात कॉफीचा कप होता. अजूनही तोंड उघडता आलं असतं, असं ती मला म्हणाली. पण एक वाक्य खरं सांगायचं तर अठरा वर्षांची सगळी वाक्यं सांगावी लागली असती. तिने कॉफी संपवली, कप विसळून ठेवला आणि बाहेर आली.

नोव्हेंबरच्या एक तारखेला अडतीस जणी फाटकाबाहेर उभ्या राहिल्या. मीही होते, दहा वाजेपर्यंत. मग धाकटीच्या वसतिगृहाचा विचार मनात आला आणि मी आत गेले. माझ्यामागून आणखी पाचसहा जणी आत आल्या.

दुसऱ्या दिवशी ओरेस्ते विमानाने आला. मी त्याला इतकं दुखावलेलं कधी पाहिलं नव्हतं. तो ओरडला नाही. घरच्याच माणसांनी दगा दिल्यासारखा चेहरा करून तो मेरोपीला म्हणाला, माझ्याशी बोलायचं सोडून या बाहेर का उभ्या राहिल्या? मी कधी कुणाला नाही म्हटलं का? कधी कुणी मागितलं तरी का? मग म्हणाला, हिने पेटवलंय सगळ्यांना, आणि नाझ्मिएकडे बोट दाखवलं. हिला आजच काढा, पुन्हा या दारात पाऊल टाकू देऊ नका. बाकीच्यांना एक दिवसाचा पगार कापून आत घ्या.

मेरोपी फाटकापाशी गेली. नाझ्मिए हात खिशात घालून उभी होती.

"काय म्हणाला?"

मेरोपी म्हणाली, "सध्या चिकटकाम कमी झालंय म्हणाले. तुला थोडे दिवस घरी बसायला सांगितलंय. काम वाढलं की बोलावतील. मी स्वतः फोन करीन."

नाझ्मिएने तिचा हात दाबला. "तू आहेस म्हणून बरं आहे गं," ती म्हणाली, आणि पूल ओलांडून गोरित्साकडे, आपल्या घरी चालत गेली.

नदीपलीकडे मोज्यांचा एक कारखाना त्या डिसेंबरात बायका घेत होता. नाझ्मिए गेली नाही. तिच्या चुलतबहिणीने ग्रीसमध्ये यानिनाला एका म्हातारीला सांभाळायचं काम बघितलं होतं, पगार आमच्या तिप्पट. नाझ्मिए म्हणाली, माझी जागा ठेवलीय तिकडे, आज ना उद्या फोन येईल, मी गेले आणि फोन आला तर? सासूच्या गोळ्या ती अर्ध्या करून द्यायला लागली. हे आम्हाला तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे आम्ही विचारलं नव्हतं.

फेब्रुवारीत एका बाजाराच्या दिवशी मेरोपी लीकच्या जुड्या घेत उभी होती. मागून कुणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवला. नाझ्मिए होती. खूप वाळलेली, पण चेहरा फुललेला. "मला वाटलंच, तू मला शोधत असशील," ती म्हणाली. "माझा फोन मधे दोन दिवस बिघडला होता. काम आलं का?"

मेरोपी म्हणाली, अजून नाही. भाजी तिथेच टाकून ती निघाली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने मला मागच्या गोदामात नेलं आणि सगळं सांगितलं, पहिल्या दिवसाच्या शेळ्यांपासून. रडली नाही. नुसती एकेक गोष्ट आठवून बाहेर काढत राहिली, जुन्या ट्रंकेतून कपडे काढावेत तशी. मी ऐकत होते. त्यातलं निम्मं मला आधीच माहीत होतं. ते तिलाही माहीत असणार. पण ती ते बोलली नाही आणि मीही नाही. मी एवढंच म्हणाले, "सांगून टाक तिला."

"तू येशील माझ्याबरोबर?"

मी गेले.

नाझ्मिएने आम्हाला बसवलं, कॉफी केली, सोबत अंजिराचा मुरंबा ठेवला. सासू आतल्या खोलीत खोकत होती. शेगडीत लाकडं नव्हती, जुन्या कपाटाच्या फळ्या जळत होत्या. मेरोपीने पेल्याला हात न लावता बोलायला सुरुवात केली. फाटकापाशी ओरेस्ते काय म्हणाला होता ते तिने सगळ्यात आधी सांगितलं. मग बाटल्यांच्या दिवशीचं. मग मागची वर्षं.

नाझ्मिएने उठून फळीचा एक तुकडा शेगडीत सारला.

"म्हणजे त्याला ठाऊकच नव्हतं," ती शेवटी म्हणाली. "अठरा वर्षं मी बोलत होते आणि त्याला काहीच ऐकू येत नव्हतं."

"मला वाटायचं, भांडण टळतंय. तुझी नोकरी टिकतेय."

"टिकली का?"

मेरोपीने पेला बाजूला सारला.

"मला त्याचा राग यायचा, मेरोपी. त्या रागावर मी उभी होते. रोज सकाळी उठून त्याला मनातल्या मनात दोन शिव्या हासडायच्या आणि कामाला लागायचं. आता त्याच्यावरही धड रागावता येईना." ती थांबली. "आणि हे चार महिने? मला वाईट वाटू नये म्हणून खोटं सांगितलंस ना? मी इथे फोन उशाशी घेऊन झोपत होते. तेव्हा मला काय वाटत होतं, ते विचारायला का नाही आलीस?"

मेरोपी म्हणाली, "लाज वाटत होती."

"मला सांगायची लाज वाटली. खोटं बोलायची नाही वाटली."

हे ती ओरडून म्हणाली नाही. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हायरिए, तू तरी कॉफी घे, गार होतेय." मी ती कॉफी प्यायले. तोंडातून शब्द निघायला हवा होता तो तेव्हाच. निघाला नाही.

मेरोपी म्हणाली, मार्चमध्ये ओरेस्ते येतोय, माझ्याबरोबर चल, मी सगळ्यांसमोर खरं सांगते. नाझ्मिए म्हणाली, मी येणार नाही. माझं बोलून झालंय. तूच बोल आता.

मार्चमध्ये ओरेस्ते आणि लुदोविका दोघं आले. मेरोपीने जेवणाच्या सुट्टीत त्यांना शेडमध्ये बोलावलं. तिने ठरवलं होतं तसं केलं. एक वाक्य इटालियनमध्ये, तेच वाक्य आमच्या भाषेत, की दोन्हीकडच्यांना तेच कळावं. तिचा आवाज सपाट होता. नाताळच्या मागण्या, वर्षामागून वर्ष. पंखा. नाझ्मिएच्या गोळ्या आणि लाकडं. चाळीस सह्या. ओरेस्ते एका खोक्यावर बसला. त्याने विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, दुसऱ्या आठवड्यापासून.

मग तो हळूच म्हणाला, "आणि मी जे बोलायचो ते?"

मेरोपीने तेही सांगितलं. शेळ्या, खुरं, आणि पुढच्या वर्षांतलं बरंच काही, जे मी ऐकलेलं होतं आणि बाकीच्यांनी नव्हतं. रुकिए तेव्हा सत्तरीला आली होती, निवृत्त होऊन पुन्हा झाडलोटीला लागलेली. ती झाडू भिंतीला टेकवून म्हणाली, "शेळ्या? बाई, मी याच्या आईसाठी मोजे विणले होते."

मेरोपीने त्याला हेही सांगितलं. ओरेस्तेने मान वर केली नाही. लुदोविका मात्र मेरोपीकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता, दुसरंच काहीतरी होतं. ती म्हणाली, "मी ऑक्टोबरमध्ये तुला सांगितलं होतं. मी पैसे काढून ठेवले होते."

"हो," मेरोपी म्हणाली. आणि आमच्याकडे वळून तिने तेही आमच्या भाषेत सांगितलं, की ऑक्टोबरमध्ये आमच्यासाठी पैसे होते. ते तिला टाळता आलं असतं. आमच्यातल्या कुणाला ते कधी कळलं नसतं.

मेपासून आमचा पगार वाढला, लेक या आमच्या चलनात महिना तीन हजारांनी. मागितला होता त्याच्या निम्म्याने. दुकानाला दिलेले पैसे परत येणार नव्हते. पंखा जूनमध्ये बसला. नाझ्मिएला लुदोविकाने पत्र लिहून परत बोलावलं, पण पत्र आलं तोवर ती यानिनाला गेली होती. सासू एप्रिलमध्ये वारली. गोळ्या अर्ध्या केल्यामुळे का वयामुळे, ते कुणी सांगू शकत नाही. डॉक्टर म्हणाला, वय. मेरोपीने मला तीनचारदा विचारलं, डॉक्टर नक्की काय म्हणाला. मी म्हटलं, वय.

मेरोपीला काढलं नाही. टेबल काढून घेतलं आणि मशीनवर बसवलं. आता राजधानीत, तिरानाला शिकून आलेली एक मुलगी भाषांतर करते, सगळं कागदावर लिहून घेते आणि दोन्हीकडच्यांच्या सह्या घेते. बायकांपैकी निम्म्या मेरोपीशी बोलत नाहीत. काही म्हणतात, हिने आमची अठरा वर्षं खाल्ली. काही उलटंच म्हणतात, ते शेळ्यांचं कशाला सांगितलंस, तेवढं तरी मनात चांगलं होतं ते राहू द्यायचं. ती दोन्ही ऐकून घेते. आणि एक नवीनच गोष्ट झालीय तिची. तिला आता साधं गोड बोलतासुद्धा येत नाही. सून विचारते, भाजी भरलेला ब्युरेक कसा झालाय, तर ती घास थांबवून विचार करते आणि म्हणते, मीठ जास्त आहे. एकीने केस रंगवून आल्यावर विचारलं, तर म्हणाली, तुझं वय लपत नाही. लोक हसतात, चिडतात. मला माहीत आहे, ती घाबरते. एक शब्द गाळला तर पुढचा गाळावा लागेल, याची तिला धास्ती बसलीय.

नाझ्मिए दर ऑगस्टात पंधरा दिवस येते. अंगाने भरलीय, ग्रीक छान बोलते. संध्याकाळी आम्ही दोघी नदीकाठच्या रस्त्यावर फेरी मारतो. मेरोपी समोरून आली तर ती मान हलवते, थांबत नाही. मागच्या वर्षी आम्ही पुलाच्या कठड्याला टेकून सूर्यफुलाच्या बिया खात होतो. ती सहजच म्हणाली, "मला एक कळत नाही, हायरिए. एवढ्या जणी होतो आपण तिथे. अठरा वर्षांत एकीलाही कसं कळलं नाही गं?"

मी म्हणाले, "आपल्याला कुठे इटालियन येत होतं."

"तेही खरंच," ती म्हणाली, आणि बियांची पुडी माझ्यापुढे केली. मी मूठभर घेतल्या. मग तिने यानिनातल्या म्हातारीचं सांगायला सुरुवात केली, ती रात्री उठून कुलूप तपासते म्हणून, आणि आम्ही चालायला लागलो.